लाव म्हणायच्या आधी

धक्क्यावर मामाला मामा म्हणणारी सख्खी भाची एकच होती. बाकीच्यांनी तिचं ऐकून ऐकून तेच नाव उचललं, आणि बघता बघता वीस-पंचवीस बोटींचे मालक, धक्क्याचा रखवालदार, सुट्या भागांचा दुकानदार असा सगळा गोतावळा त्याचा भाचा होऊन बसला. मामाला ते मनातून आवडायचं. पोटी मूल नसलेल्या माणसाला घरबसल्या एवढे भाचे मिळाले तर तो कशाला नको म्हणेल.

मामा बोटींच्या इंजिनांचा मिस्त्री. वय बासष्ट, अंगाने किरकोळ, बोलायला फटकळ. धक्क्याच्या टोकाला त्याची पत्र्याची शेड होती. एका भिंतीवर सगळे पाने मापाप्रमाणे टांगलेले, शाळेत मुलं उंचीनुसार उभी करतात तसे. दुसऱ्या भिंतीला लांब लाकडी बाक, आणि बाकावर पांढऱ्या कागदाचं जाडजूड बंडल. कुठे काही गळतंय का ते पुसून बघायला तो कागद लागायचा. कुणी पाना वापरून भलत्याच खिळ्याला अडकवला तर मामा त्याच्याशी दिवसभर बोलायचा नाही. हात चांगलाच होता त्याचा, पण चांगला हात असलेले मिस्त्री धक्क्यावर आणखी दोन होते. मामाचं नाव होतं ते नाकासाठी.

बोटीचं इंजिन झाकणाखाली, बोटीच्या पोटात बंद असतं. पेट्रोल कुठे थेंब थेंब गळत असेल तर त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही. तळाशी साचून राहते, आणि मग किल्ली फिरवताना एक ठिणगी पडायचा अवकाश. म्हणून इंजिन लावण्याआधी झाकण उचलायचं, डोकं आत घालायचं आणि वास घ्यायचा, हा नियम सगळ्यांनाच पाठ. पण मामा डोकं आत घालायचा आणि म्हणायचा, "पेट्रोल नाही, पण डावीकडची एक वायर तापतेय, तिचं रबर भाजलंय." वायर सोडवून बघावी तर तसंच निघायचं.

त्याची पद्धत ठरलेली. आधी पंखा बंद ठेवून वास. मग वाफ बाहेर फेकणारा पंखा चार मिनिटं चालू. मग पंखा बंद करून पुन्हा वास. नवशिके आधीच पंखा लावतात आणि वास येत नाही म्हणून खूश होतात. मामा त्यांना सुनवायचा, "पंखा वास घालवतो बाबा, गळती घालवत नाही." दुसऱ्यांदा वास घेतला की तो कंबरेवर हात ठेवून सरळ व्हायचा आणि एकच शब्द बोलायचा. "लाव." तो शब्द आल्याशिवाय धक्क्यावर कुणी किल्लीला हात लावत नसे. लग्नाचा मुहूर्तसुद्धा एवढ्या निमूटपणे पाळला जात नाही.

हे नाक चार महिन्यांपूर्वी गेलं.

साधी सर्दी झाली, आठ दिवस ताप आला. ताप गेला, सर्दी गेली, जाताना वास घेऊन गेली. आधी मामाला वाटलं नाक चोंदलंय. मग एक दिवस शेडमध्ये पेट्रोलने भिजलेल्या चिंधीने हात पुसले आणि काहीच जाणवलं नाही. त्याने बाटली उघडून नाकाखाली धरली. पेट्रोल होतं की पाणी, डोळे मिटले असते तर सांगता आलं नसतं. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार, या वयात खात्री देता येत नाही. हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि मामाला ठाऊक होतं. तिसऱ्या माणसाला त्याने ताकास तूर लागू दिली नाही. घरात मामी शेजारी गेली असताना कांदा करपून कोळसा झाला आणि हा तिथेच दोन हातांवर पेपर वाचत बसलेला. मामीने विचारलं, "अहो, वास नाही आला?" हा म्हणाला, "लक्ष नव्हतं." मामीनेही ते खरं मानलं, कारण लक्ष नसणं ही त्याची घरातली जुनी ख्याती होती.

आता खरं तर सरळ सांगून मोकळं व्हायचं. पण इथेच घोडं अडलं होतं, आणि त्याला कारण मामाची जीभ. तीन वर्षांपूर्वी दुकानदाराने पेट्रोलची वाफ ओळखणारं एक यंत्र आणलं होतं, काडेपेटीएवढं, वाफ साचली की किंचाळणारं. मामाने ते दहा जणांसमोर हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "डबीला नाक फुटलं की काय. ज्यांना स्वतःचं नाही त्यांनी घ्यावं." सगळे हसले. दुकानदाराची ती यंत्रं तशीच पडून राहिली. आता तेच यंत्र मागायला कुठल्या तोंडाने जायचं. आणि नाक नसलेल्या मामाला धक्क्यावर विचारणार तरी कोण. मग तो वाकायचा, झाकणाखाली डोकं घालायचा, मनात तीन अंक मोजायचा, सरळ व्हायचा आणि म्हणायचा, "लाव."

माणूस वाईट नव्हता. असे धंदे वाईट माणसंच करतात असं थोडंच आहे.

वास येत नव्हता म्हणून त्याने बाकी सगळं दुप्पट केलं होतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. प्रत्येक जोड कागदाने पुसून बघायचा, नळ्या दाबून बघायचा, पूर्वी अर्ध्या तासात व्हायचं त्याला दोन तास लावायचा. लोक म्हणायचे, मामा म्हातारपणी चिकट झाला. त्याने ते ऐकून घेतलं.

मग आला भाचीच्या बोटीचा पंप.

भाचीला घरात ठकी म्हणत. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून पडलेलं नाव, ते एकतिसाव्या वर्षीही चिकटून होतं. ही ठकी वेगाच्या बोटी चालवायची, शर्यतीत उतरायची. ती मामाच्या थोरल्या बहिणीची एकुलती एक. पहिल्यांदा पोरीने शर्यतीचं नाव काढलं तेव्हा ताईने जेवण सोडलं होतं. शेवटी भावाला बोलावून विचारलं, "इंजिन तू बघणार आहेस का? तू बघणार असशील तर जाऊ दे." मामा म्हणाला, "मी बघीन." एवढ्या दोन शब्दांवर ताईने लेकीला पाण्यात सोडली होती.

गेल्या वर्षी ठकीने इंजिनाला मोठा कार्बोरेटर घातला. बोट सुरुवातीला उसळायची, पण लांबच्या सरळ पट्ट्यात, अगदी ऐन जोरात असताना, इंजिन दम लागल्यासारखं अडखळायचं. मामाने तिच्या जागेशेजारी पेट्रोलच्या दाबाचा काटा लावून तिला पाठवलं. आली तेव्हा म्हणाली, "निघताना सहावर होता, पट्ट्याच्या शेवटी दोनवर आला."

"मग बरोबर," मामा म्हणाला. "घरात खाणारी तोंडं वाढवलीस आणि चूल तीच ठेवलीस."

जुना पंप इंजिनाच्या कुशीला बसवलेला होता आणि इंजिनाच्याच फिरण्यावर चालायचा. इंजिन थांबलं की तोही थांबायचा. बिचारा आपल्या ताकदीप्रमाणे पेट्रोल चढवायचा, पण मोठ्या कार्बोरेटरला ते पुरेना. मामाने तो काढला, इंजिनावरच्या भोकाला पट्टी लावून बंद केलं, आणि पुढे टाकीच्या जवळ, खाली, विजेवर चालणारा मोठा पंप बसवला. पंपाच्या आधी गाळणी, पुढे नवी जाड नळी, कार्बोरेटरजवळ दाब आवरणारा नियंत्रक. जास्तीचं पेट्रोल परत टाकीत नेणारी आणखी एक नळी. इंजिन बंद पडलं तर पंपाची वीज आपोआप तुटेल अशी जोडणी. आणि आधी नळ्या भरून घ्यायला एक वेगळं बटण. पाच दिवस तो त्या बोटीत अर्धा आत, अर्धा बाहेर होता. काम देखणं झालं होतं. नळ्या कुठे घासत नव्हत्या, वायरी बांधलेल्या होत्या, नळी आवळणाऱ्या प्रत्येक पट्टीचं तोंड एकाच दिशेला.

एक गोष्ट मात्र झाली. टाकीच्या माथ्यावर परतीच्या नळीसाठी आधीपासून एक तोंड होतं, बूच मारून बंद केलेलं. मामाने बूच काढलं तेव्हा त्याखालचा तांब्याचा वॉशर हातात आला, स्वच्छ, चकचकीत. त्याने तोच ठेवला. नाक होतं तेव्हाही ठेवला असता. तेव्हा मात्र नळी जोडल्यावर दोन मिनिटांत नाकाने त्या वॉशरची परीक्षा घेतली असती. चाळीस वर्षं त्याचं असंच चालत आलं होतं, हाताने कुठे जराशी सूट घेतली तर नाक राखणीला होतं. नाक गेलं, पण हाताची ती सवय गेली नाही, आणि ती आपल्याला आहे हे मामाला ठाऊकसुद्धा नव्हतं.

शुक्रवारी दुपारी त्याने बटण दाबून दहा मिनिटं पंप चालवला. काटा सातवर गेला तो हलला नाही. मग तासाभराने कागद घेऊन सगळे जोड पुसले. टाकी पुढच्या फळ्यांखाली होती, तिथे नुसता हात जायचा, नजर जायची नाही. तिथेही हात घालून पुसलं. कागद कोरडा. सगळे कागद कोरडे. मामाने ते बाकावर रांगेत मांडले आणि बराच वेळ बघत बसला. पेट्रोल तासाभरात उडून जातं आणि कागद कोरडा येतो, हे तोच दुसऱ्यांना सांगत आला होता. कागद खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतो.

आणि आता पंप नवा होता. जुन्याचा जोर तो केवढा, गळलं असतं तरी थेंबभर गळलं असतं. हा नवा दांडगा होता.

शनिवारी सकाळी बोट पाण्यात होती, दोन दोरांनी धक्क्याला बांधलेली. शर्यत पुढच्या रविवारी. ठकी अंगात शर्यतीचा पोशाख घालून, हेल्मेट मांडीवर घेऊन चालकाच्या जागेवर बसली होती, नावाप्रमाणे ताठ. मामाने नळ्या भरायला मिनिटभर बटण दाबून ठेवलं. मग झाकण उचललं, वाकला, तीन अंक मोजले, सरळ झाला.

"पंखा लाव."

पंखा घरघरत राहिला. त्या चार मिनिटांत करण्यासारखं काही नसतं, म्हणून माणसं बोलतात.

"काल आईचा फोन होता," ठकी म्हणाली. "नवा पंप म्हटल्यावर घाबरली. म्हणाली, मामाने बघितलंय का? मी म्हटलं, पाच दिवस तोच तर बघतोय. मग म्हणाली, तर मग मी काही विचारत नाही."

मामाने घड्याळ बघितलं.

चार मिनिटं झाली. ठकीने पंखा बंद केला. मामा पुन्हा वाकला. डोळ्यांसमोर त्याचंच काम होतं, नवी काळी नळी, चकचकीत जोड. सगळं बघण्यासारखं होतं आणि बघून काही उपयोग नव्हता. एक, दोन, तीन. सरळ होताना त्याने पाहिलं, ठकी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. तिने हेल्मेट चढवलं होतं आणि पट्टा ओढून ओढून घट्ट करत होती. उजवा हात किल्लीवर होता. मामाच्या शब्दाची वाट बघायची असते म्हणून ती वाट बघत होती, शब्द काय येणार याची तिला शंकाच नव्हती.

शब्द ओठांपर्यंत आला होता.

"थांब," मामा म्हणाला. "किल्ली काढ."

"काय झालं? वास येतोय?"

"माहीत नाही."

ठकीने हेल्मेटची काच वर केली. "माहीत नाही म्हणजे?"

"मला वास येत नाही ठके. कसलाच येत नाही. चार महिने झाले."

ती हसली. मामाची मस्करी करायची एक तऱ्हा होती, चेहरा न हलवता बोलायची, तसलंच काही असेल असं तिला वाटलं. मग तिने त्याचा चेहरा नीट पाहिला. किल्ली काढून खिशात घातली, पट्टा सोडला, हेल्मेट उतरवून खाली ठेवलं, आणि मागे येऊन झाकणापाशी गुडघे टेकले. वाकली, आणि कुणी थोबाडीत दिल्यासारखं डोकं मागे घेतलं.

"पेट्रोल आहे, मामा," ती हळू आवाजात म्हणाली. "भरपूर आहे."

पंखा चार मिनिटं चालून गेल्यावर भरपूर.

"कशाला हात लावू नकोस," मामा म्हणाला. "बाहेर ये. आधी तू."

दोघं धक्क्यावर येऊन उभी राहिली. बोट पाण्यावर शांत डुलत होती. मामा दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसला. ठकी बसली नाही. ती बोटीकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं, "चार महिन्यांत मी किती वेळा उतरले पाण्यात?"

"एकोणीस."

"तू मोजलंस?"

"दर वेळी मोजलं."

"त्या दिवशी शेजारच्यांच्या दोन्ही मुली बसल्या होत्या माझ्याबरोबर."

"ती अकरावी खेप."

ठकीचा चेहरा लालबुंद झाला. रडू आलं की राग, ते तिलाही कळलं नसेल. "का नाही सांगितलंस? मला तरी सांगायचंस."

मामाने खोटं बोलायचं सोडलंच होतं, तेव्हा तो खरं बोलला. "तू इंजिन दुसऱ्या कुणाकडे दिलं असतंस."

"दिलं असतं. द्यायलाच हवं होतं."

एवढं बोलून ती निघाली. धक्क्याच्या फळ्यांवर तिच्या बुटांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू आला. किल्ली तिच्या खिशातच होती.

मामाने बोटीची सगळी झाकणं उघडी टाकली आणि दोन तास वारा खेळू दिला. मग आत उतरला. मामीच्या पर्समधला छोटा आरसा कधीकाळी शेडमध्ये आला होता, तो फळ्यांखाली सरकवून त्याने टाकीचा माथा पाहिला. परतीच्या नळीच्या तोंडाशी, पलीकडच्या अंगाला, जिथे कागद धरणारी बोटं पोचत नव्हती, तिथून खाली एक ओघळ गेला होता. वाळलेला, पण धुळीत त्याची वाट उमटलेली. खाली तळाशी पेट्रोल साचलं होतं. जुना वॉशर काढून हातावर घेतला. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर पुन्हा तोंड नीट धरत नाही, हे त्याने किती जणांना शिकवलं असेल. त्याने नवा घातला. साचलेलं पेट्रोल टिपून काढलं. मग हात धुतले, आणि जे चार महिने टाळलं होतं ते करायला बाहेर पडला.

तो एकेका बोटीशी जाऊन उभा राहिला. प्रत्येकाला तेच सांगितलं. "चार महिने मी नुसता वाकत होतो. वास येत नव्हता. तुमची बोट दुसऱ्याकडून बघून घ्या." कुणी म्हणालं, जाऊ द्या मामा, काही झालं नाही ना. कुणी तोंडावर हसलं आणि पाठ वळताच कुजबुजलं. एका म्हाताऱ्याने, जो दर आठवड्याला नातवंडांना घेऊन पाण्यात जायचा, हातातलं काम थांबवून मामाकडे बघितलं आणि बोटीत जाऊन दार लावून घेतलं. मामा त्या बंद दारासमोर थोडा वेळ उभा राहिला. ते त्याला मिळायलाच हवं होतं आणि त्याने ते मुकाट घेतलं.

दुकानात जाऊन त्याने ते यंत्र मागितलं. दुकानदाराला टोमणा मारायची याहून चांगली संधी जन्मात मिळाली नसती. पण त्याने मामाचं तोंड पाहिलं आणि फळीच्या मागून खोकं काढून, वरची धूळ फुंकून, नुसतं पुढे सरकवलं. काही माणसं अशी वेळेला मोठी होतात.

घरी मामीला सांगणं त्याला सोपं वाटलं होतं. मामीने सगळं ऐकून घेतलं. भाजी चिरायची सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "मी रोज बाहेर जाताना गॅस तुमच्या भरवशावर सोडून जाते." आणि बराच वेळ तिने सुरी उचललीच नाही. मामाने हे धरलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, आपण फक्त धक्क्यावर खोटं वागतोय.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ठकी आली नाही. मामा बोटीत ते यंत्र बसवत राहिला आणि दर पावलाच्या आवाजाला मान वर करत राहिला. फोन करावा असं दहादा वाटलं. पण काय बोलणार. चुकलं, हे ती जाणत होती. पुन्हा होणार नाही म्हणावं, तर त्याच्या शब्दाला आता किंमत उरली होती का, हाच तर प्रश्न होता.

सोमवारी सकाळी ती आली. आले म्हणाली नाही, कसा आहेस विचारलं नाही. सरळ बोटीत उतरली, झाकण उचललं, पंखा बंदच ठेवून डोकं आत घातलं आणि मामा घ्यायचा त्याच्या तिप्पट वेळ वास घेतला. मग पंपाचं बटण दाबून पाच मिनिटं उभी राहिली, घड्याळ बघत. पुन्हा वाकली. पुढे जाऊन टाकीच्या फळ्यांखाली हात घातला, बोटं नाकाशी धरली, पुन्हा हात घातला. पंखा लावला, चार मिनिटं थांबली, बंद केला, शेवटचा वास घेतला. मामा धक्क्यावर उभा राहून हे बघत होता. आपलंच काम कुणी आपल्यासमोर तपासत असताना उभं राहणं काय असतं, ते त्याला बासष्टाव्या वर्षी कळलं.

मग तिने एक लाइफ जॅकेट आणि एक हेल्मेट काढून धक्क्यावर ठेवलं.

"बस शेजारी," ती म्हणाली.

मामाचं सगळं आयुष्य बोटींत गेलं, पण त्याला पोहता येत नव्हतं. बांधलेल्या बोटीत तो राजा होता, सुटलेल्या बोटीत तो चुकूनही पाय ठेवत नसे. ठकीला हे ठाऊक होतं. त्याने जॅकेट घातलं. बंद लावताना बोटं अडखळली, तरी तिने मदत केली नाही. तो आत उतरून शेजारी बसला. ठकीने त्याच्याकडे न बघता किल्ली फिरवली. शब्द मागितला नाही. इंजिन गुरगुरून जागं झालं तेव्हा मामाला छातीत काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि ते योग्यच आहे असंही वाटलं.

लाटा अडवणाऱ्या बांधापलीकडे गेल्यावर तिने बोट मोकळी सोडली. मामाची पाठ आसनाला चिकटली. एका हाताने त्याने कडी पकडली आणि जीव मुठीत धरून पाण्याकडे न बघायचं ठरवलं. मग बघायचं तरी कुठे, म्हणून दाबाच्या काट्याकडे बघत राहिला. काटा सातवर होता. बोट आणखी पळाली, पुढचं टोक उचललं, पाणी दगडासारखं खालून आदळायला लागलं. लांबचा सरळ पट्टा आला. इथेच इंजिन अडखळायचं. मामाने कान टवकारले. आवाज चढत गेला, एकसारखा, कुठेही खळ न पडता, आणि चढून तिथेच टिकला. काटा सात. पट्टा संपेपर्यंत सात. मामा भीती विसरला. चांगलं चाललेलं इंजिन ऐकताना दुसरं काही सुचू नये, असा त्याचा जन्मभराचा स्वभाव होता.

पट्ट्याच्या शेवटी ठकीने वेग उतरवला आणि इंजिन बंद केलं. चहूकडे पाणी आणि शांतता. तिने हेल्मेट काढलं, त्यानेही काढलं.

"पंप चांगला बसवलायस," ती म्हणाली.

"हं."

"मी दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन आले काल. चांगला आहे तो. त्याच्याशी बोलत होते आणि सारखं वाटत होतं, हे मामाला विचारायला हवं." ती पाण्याकडे बघत होती. "इंजिन तूच बघशील. वास मी घेईन. मी नसेन तर दुसरं कुणी घेईल, पण तू नाही."

"बरं."

"आणि काही कमी झालं, डोळे, कान, हात, काहीही, तर त्याच दिवशी सांगायचं."

"सांगेन."

"आईला मी सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस. उद्या."

मामाने मान हलवली. ताईसमोर उभं राहण्यापेक्षा इथे पाण्यात उडी मारणं त्याला सोपं वाटलं असतं.

बोट हलकेच फिरली आणि वारा त्याच्या बाजूने तिच्याकडे वाहू लागला. ठकी काही बोलायला गेली, थांबली, मग म्हणाली, "एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"आता मी कशाच्या जोरावर रागावू."

"तुझ्याजवळ घामाचा वास येतो. आजचं नाही म्हणत, बरेच दिवस येतोय. सगळ्यांनाच येतो. पण तुझं नाक एवढं तिखट, तुला कळत नसेल का, असं वाटून कुणी बोललं नाही."

मामा खाली बघत राहिला. चार महिने तो दिवसातून दोनदा आंघोळ करत होता. साबण लावून लावून कातडी सोलवटली होती. दुकानात माणसांपासून पाऊलभर लांब उभा राहायचा, घरी मामीच्या शेजारी बसायचं टाळायचा. बाही नाकाशी नेऊन किती वेळा हुंगली असेल, काही कळायचं नाही. आणि विचारायची सोय नव्हती, विचारलं की सगळं उघड झालं असतं. आगीची भीती त्याला धक्क्यावर वाटायची. ही भीती मात्र उठल्यापासून झोपेपर्यंत त्याच्या अंगावर असायची.

"खूप येतो?" त्याने विचारलं.

"खूप."

"शर्टाचा येतो की माझाच?"

कामाचा शर्ट शेडमध्येच असायचा, आणि तो कधी धुवायला न्यायचा हे आजवर त्याला नाकाने सांगितलं होतं. ठकीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग ती सरकली, जॅकेटची कड बाजूला करून त्याच्या खांद्याशी वाकली आणि घाई न करता नीट वास घेतला. सरळ झाली, पुन्हा वाकली, त्याच्या मानेपाशी, जिथे शर्ट नव्हता तिथे घेतला.

"शर्टाचाच आहे, मामा," ती म्हणाली. "तू ठीक आहेस."